पत म्हणजे काय, आणि तिचं पान कोण वाचतं?



मागच्या वेळी आपण शब्दप्रमाणावर बोललो होतो. एखादी गोष्ट आपण स्वतः पाहिलेली नाही, केवळ कुणीतरी सांगितली म्हणून खरी मानतो, ते ज्ञान कितपत विश्वासाचं, असा तो विषय होता. व्याख्यान संपल्यावर बंदरावरचे एक गृहस्थ थांबून राहिले आणि आम्हाला म्हणाले, "सर, ह्या सगळा बरा, पण माझ्या प्रश्नाचा काय? बँकवाले म्हणतत, तुझो सिबिल बरो नाय. माका तर कोणाचा एक पैसो देणा नाय!"

आम्ही त्यांना म्हटलं, अहो, तुम्ही आमचाच विषय विचारताय. तुमच्याबद्दल कुणीतरी कुठेतरी काहीतरी सांगून ठेवलंय, बँकेनं ते खरं मानलंय, आणि तुम्ही ते वाचलेलंच नाही. हे शब्दप्रमाणच झालं. तेव्हा आजचा विषय त्यांनी दिलेला आहे. आपला पतअहवाल, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, आपण वरचेवर का पाहावा आणि कसा पाहावा, ते आज बोलू.

आता तुम्ही म्हणाल, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा सिबिलशी काय संबंध? आमचा संबंध आला, आणि तो काही अभिमानानं सांगण्यासारखा नाही. पुढे सांगतो.

दुकानातली वही

आमच्या लहानपणी मालवणात पत म्हणजे काय ते शिकवावं लागत नसे. वाण्याच्या दुकानात लाल कापडाची लांबट वही असायची. त्यात प्रत्येक घराचं एक पान. मुंबईहून मनीऑर्डर आली की थोडे पैसे भरायचे, मासळी मिळाली नाही की पुन्हा उधारी, आणि चतुर्थीच्या आधी शक्य तेवढं चुकतं करायचं. या वहीचा एक मोठा गुण होता. ती तुमच्या समोर उघडायची. वाण्यानं तांदूळ दोनदा मांडले असतील तर आजी तिथल्या तिथे भांडायची. वाणी तिला ओळखायचा, ती वाण्याला ओळखायची. पान चुकलं तरी माणूस समोर होता.

दोषही होता, तो विसरू नका. ही पत ओळखीची होती. ज्याची ओळख नाही त्याला उधारी नाही. परगावाहून आलेल्याला नाही, एकट्या बाईला बहुधा नाही, आणि जातपात बघून तर कितीतरी जणांना नाही. जुनं ते सगळं सोनं होतं असं आम्ही म्हणणार नाही.

आज ती वही गावातून उठली आणि संगणकात गेली. २००० साली मुंबईत सिबिल ही कंपनी निघाली. २००५ साली संसदेनं पतमाहिती कंपन्यांविषयीचा कायदा केला आणि तो डिसेंबर २००६ पासून लागू झाला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. आपण बोलताना सगळ्यालाच 'सिबिल' म्हणतो, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो. पण वह्या चार आहेत, आणि चारही वह्यांत आपलं पान अगदी एकसारखंच असेल असं नाही.

बँका, सहकारी बँका, वाहनकर्ज देणाऱ्या वित्त कंपन्या, क्रेडिट कार्डवाले, मायक्रोफायनान्सवाले, हे सगळे आपल्या कर्जाची माहिती या चौघांना कळवतात. पूर्वी महिन्यातून एकदा कळवत, १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनं पंधरवड्याला कळवायला सांगितलं. या माहितीवरून ३०० ते ९०० या दरम्यान एक आकडा निघतो, तो स्कोअर. लोक आकड्याकडे बघतात. आमचं म्हणणं असं की आकडा नंतर बघा, आधी पान वाचा. आकडा म्हणजे निकाल आणि अहवाल म्हणजे साक्षीपुरावा. साक्षच खोटी असेल तर निकालावर रडून काय उपयोग?

आमची गोष्ट

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ झालं, ते इथे कुणाला सांगायला नको. आमच्या घराची मागली बाजू, माडाखालची, उघडी पडली. कौलं गेली, वासे मोडले. पेन्शन ज्या बँकेत येते तिथे आम्ही छपरासाठी कर्ज मागायला गेलो. मनात शंकाच नव्हती. आयुष्यात कुणाचा हप्ता थकवलेला नाही.

तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि म्हणाला, "सर, तुमच्या नावावर एक खातं थकीत दिसतंय. जामीनदार म्हणून."

तेव्हा आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याला मासळी वाहायच्या गाडीसाठी कर्ज हवं होतं, एका वित्तसंस्थेकडून. आम्ही जामीन राहिलो होतो. सही केली, चहा प्यालो आणि विसरलो. आपल्याकडे जामिनाची सही म्हणजे लग्नातल्या अक्षतांसारखी. टाकायच्या आणि जेवायला बसायचं.

आता ऐका, आम्ही काय केलं. विद्यार्थ्याला फोन करायला हवा होता. केला नाही. मनात ठरवून टाकलं, की पोरानं हप्ते बुडवले आणि आम्हाला तोंडघशी पाडलं. तो आठवड्याला येऊन दारात बांगडे ठेवून जायचा, तेव्हा आम्ही बाहेर आलो नाही. बाजारात दिसला तर रस्ता बदलला. तीन आठवडे. शेवटी तोच घरात शिरला आणि म्हणाला, "सर, माझा काय चुकला?" आम्ही सांगितलं. तो काही बोलला नाही. घरी गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला बेबाकी दाखला घेऊन आला. कर्ज चार वर्षांपूर्वीच पूर्ण फेडलेलं होतं. वित्तसंस्थेची ती शाखा दुसरीकडे हलली होती आणि खातं बंद झाल्याची माहिती पुढे कळवलीच गेली नव्हती.

म्हणजे बघा, दाखला त्याच्याकडे होता, संशय आमच्याकडे होता, आणि खोटी नोंद तिसरीकडेच बसून होती.

नोंद दुरुस्त व्हायला अडीच महिने गेले. तो सगळा पावसाळा आम्ही मागल्या बाजूला ताडपत्री टाकून काढला. पण छपराचं दुःख आम्हाला राहिलेलं नाही. राहिलं ते दुसरंच. ज्ञानाची प्रमाणं आम्ही तीस वर्षं शिकवली, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा एका पडद्यावरच्या ओळीवर विश्वास ठेवून, समोर दिसणाऱ्या माणसावर अविश्वास दाखवला. त्याची माफी आम्ही मागितली. त्यानं ती लगेच दिली, म्हणून ती जास्त जड वाटली.

मीमांसक आणि नैयायिक

आता याचा जरा विचार करू. आपल्या परंपरेत एक जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान हे मुळात प्रमाणच धरायचं. त्याला बाध येईल, म्हणजे ते खोटं ठरवणारं दुसरं काही पुढे येईल, तेव्हाच ते सोडायचं. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणतात, तसं नाही. ज्ञान खरं की खोटं, हे बाहेरून पडताळूनच ठरतं. हे परतःप्रामाण्य.

बँकेतला अधिकारी मीमांसक असतो. त्याला दोष देऊ नका, त्याच्याकडे दिवसाला कितीतरी अर्ज असतात. पडद्यावर जे आलं ते खरं, बाध येईपर्यंत. प्रश्न असा की हा बाध आणायचा कुणी? बँकेला तुमचं आयुष्य माहीत नाही. पतमाहिती कंपनीला तर अजिबात नाही, तिला जे कळवलं गेलं तेच ती सांगते. कर्ज फेडलं की नाही हे प्रत्यक्ष जाणणारा माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही. म्हणून तुम्हाला नैयायिक व्हावं लागेल. स्वतःच्याच पानाची पडताळणी करावी लागेल, आणि गरज पडण्याच्या आधी करावी लागेल. छप्पर उडाल्यावर पडताळणी करायला बसलात, तर पावसाळा ताडपत्रीखाली जातो.

न्यायशास्त्रात 'आप्त' कुणाला म्हणतात? ज्याला गोष्ट नीट माहीत आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो, त्याला. आपल्या पतअहवालातला आप्त आपण स्वतः आहोत, आणि नेमकी आपलीच साक्ष तिथे कुणी आपण होऊन विचारत नाही. ती आपण जाऊन द्यायची असते.

पान वाचायचं कसं

आता व्यवहाराचं. १ जानेवारी २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीनं प्रत्येक माणसाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. कंपन्या चार, म्हणजे वर्षाला चार अहवाल. आम्ही एक सोपी रीत धरली आहे. संक्रांतीला एक, अक्षय्य तृतीयेला दुसरा, चतुर्थीला तिसरा आणि दिवाळीला चौथा. सण चुकत नाही, म्हणून हेही चुकत नाही. कंपनीच्या स्वतःच्याच संकेतस्थळावर जायचं, पॅन, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर द्यायचा, ओटीपी घालायचा. मध्येमध्ये पैसे भरून घ्यायच्या योजना समोर येतात, त्या घेण्याची सक्ती नाही. फुकटच्या अहवालाची वाट शोधायची. स्वतः जमत नसेल तर घरातल्या मुलांना सांगा, पण ओटीपी परक्याच्या हातात देऊ नका.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. आपला अहवाल आपण पाहिला तर स्कोअर कमी होत नाही. कर्ज मागितल्यावर बँक जी चौकशी करते तिची नोंद वेगळी. आरशात बघितल्यानं तोंड झिजत नाही.

अहवालात चार गोष्टी बघायच्या.

पहिली, आपली ओळख. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, फोन. आपल्याकडे एकाच वाडीत एकाच नावा-आडनावाचे दोघे सहज सापडतात. दुसऱ्याचं कर्ज आपल्या पानावर चढलेलं नाही ना, हे त्यातून कळतं. ज्या पत्त्यावर कधी राहिलोच नाही असा पत्ता दिसला तर तिथेच थांबा आणि चौकशी करा.

दुसरी, खाती. प्रत्येक कर्जासमोर आपण त्यात कोण आहोत ते लिहिलेलं असतं: एकटे कर्जदार, संयुक्त कर्जदार की जामीनदार. जामिनाची कर्जं विसरू नका. ती फेडली जातायत की नाही, हे कर्जदाराला न दुखावता कळायचा हा एक सभ्य मार्ग आहे. प्रत्येक खात्याखाली महिन्यामहिन्याच्या चौकटी असतात. शून्य असेल तर हप्ता वेळेवर. आकडा असेल तर तितके दिवस उशीर. फुल्या असतील तर त्या महिन्याची माहिती कळवलेलीच नाही.

तिसरी, खात्याची स्थिती. पूर्ण फेडलेल्या कर्जापुढे 'क्लोज्ड' हवं. 'सेटल्ड' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ पूर्ण न फेडता तडजोडीनं मिटवलं. बोलताना दोन्हीला आपण 'मिटलं' म्हणतो, पण पुढच्या बँकेला त्यात फार फरक दिसतो. आणि 'रिटन ऑफ' म्हणजे माफ नव्हे. बँकेनं हिशोबापुरतं बुडीत धरलं, तुमचं देणं तसंच आहे. ज्यांना कर्जमाफी मिळाली त्यांनीही आपलं खातं अहवालात कसं दाखवलंय ते एकदा पाहावं.

चौथी, चौकशा. कोणत्या संस्थेनं कधी आपला अहवाल मागवला, याची यादी. ज्या संस्थेकडे आपण कधी गेलोच नाही तिचं नाव दिसलं, तर आपला पॅन दुसरा कुणी वापरतोय का, ही शंका घ्या. एप्रिल २०२२ मध्ये अभिनेता राजकुमार राव यानं जाहीरपणे सांगितलं होतं, की त्याच्या पॅनवर कुणीतरी २,५०० रुपयांचं कर्ज काढलं आणि त्यामुळे त्याच्या स्कोअरवर परिणाम झाला. रक्कम केवढीशी! पण नोंद ती नोंदच. आपण तर सिमकार्डाला, मोबाइलच्या हप्त्याला, कुणी मागेल तिथे पॅनची झेरॉक्स देत सुटतो.

चूक सापडली तर

चूक सापडली तर घाबरायचं नाही. त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची सोय असते, तिला पैसे पडत नाहीत. ज्या बँकेनं माहिती कळवली तिलाही लेखी अर्ज द्या, सोबत बेबाकी दाखला आणि हप्त्यांचा उतारा. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. त्या तारखेचं महत्त्व आता वाढलंय. २६ एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे, की तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळायला हवी. त्यातले २१ दिवस बँकेला, उरलेले कंपनीला. ज्याच्याकडून उशीर त्यानं भरायचं. आमच्या वेळी हा नियम नव्हता, नाहीतर ताडपत्रीचे पैसे तरी सुटले असते!

तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. आणि कुणी "सिबिल क्लिअर करून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर त्याला वाटेला लावा. खोटी नोंद फुकट दुरुस्त होते. आणि खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही.

एक आक्षेप

शेवटी एक आक्षेप घेऊ, कारण तो आमच्याही मनात आहे. माणसाची लायकी तीन आकड्यांत मोजायची, हे बरोबर आहे का? शेतकऱ्याचं कर्ज पावसावर अवलंबून, मच्छीमाराचं दर्यावर. दोन वर्षं आंबा करपला म्हणून माणूस बेइमान होतो का? मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावलं, की पीककर्जासाठी शेतकऱ्यांकडे सिबिल मागू नका. त्यामागे हाच विचार आहे.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'ची सुरुवात अशीच एका बंदरात होते. केफालस नावाचा म्हातारा व्यापारी म्हणतो, की खरं बोलावं आणि ज्याचं त्याला परत करावं, यातच न्याय आला. सॉक्रेटिस त्याला लगेच अडवतो. मित्राचं शस्त्र आपल्याकडे आहे, आणि तो वेडाच्या भरात परत मागतोय, तर द्यायचं का? म्हणजे देणं फेडणं हा चांगुलपणाचा एक भाग झाला, सगळा चांगुलपणा नव्हे. स्कोअरचंही तसंच आहे. तो तुमच्या हप्त्यांची नोंद आहे, चारित्र्याचा दाखला नाही. ज्याचा स्कोअर ८०० तो सज्जनच, असं नाही. ज्याचा ५०० तो लबाड, असंही नाही. गावातल्या पतसंस्थेत आयुष्यभर चोख व्यवहार केलेल्या माणसाचं पान कोरं असू शकतं, कारण या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाहीत आणि तिथली नोंद या वह्यांत दिसेलच असं नाही. सगळं नवऱ्याच्या नावावर असल्यामुळे कितीतरी बायकांचंही पान कोरंच असतं. कोरं पान म्हणजे वाईट पान नव्हे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेनंही बँकांना सांगितलेलं आहे.

पण आक्षेप घेऊन वही बंद होत नाही. आणि वाण्याच्या वहीत नसलेला एक गुण हिच्यात आहे, तोही मान्य करू. ज्या बाईला गावात कुणी उधार देत नव्हतं, तिनं छोटं कर्ज घेऊन वेळेवर फेडलं तर तिची साक्ष परक्या शहरातल्या बँकेपर्यंत पोचते. त्यासाठी कुणाची शिफारस लागत नाही. मात्र साक्ष खरी असली पाहिजे, आणि ती खरी आहे की नाही हे तिनं वाचून बघितलं पाहिजे.

त्या बंदरावरच्या गृहस्थांचं काय झालं, ते सांगून थांबतो. गेल्या आठवड्यात आमच्याच ओट्यावर बसून त्यांचा अहवाल काढला, नातीनं मोबाइलवर. त्यांना कर्ज कुणाचंच नव्हतं, हे खरं. पण एका जुन्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी राहून गेली होती. कार्ड कधी वापरलंच नव्हतं, पाकिटातून बाहेर काढलं नव्हतं. फी आणि तिच्यावरचा दंड वाढत बसला होता. तक्रार दिली आहे, कार्ड बंद करायचा अर्जही दिला आहे. निकाल अजून यायचा आहे.

जाताना ते म्हणाले, "सर, आता निदान कळला तरी, माझ्याबद्दल काय लिवन ठेवलानी हा ता." आम्हाला वाटतं, सुरुवात तिथूनच होते. आणि हो, कुणाला जामीन राहिला असाल तर आज घरी जाऊन त्याला एक फोन करा. संशय म्हणून नव्हे. दाखला जपून ठेवलाय ना, एवढंच विचारा.